अर्डिस बसली की बंद

आमच्या नॉरबी गावात प्रत्येक पुरुषाला दोन गोष्टींतलं सगळं कळतं. एक देव, दुसरं इंजिन. देवाच्या बाबतीत निदान रविवारी पाद्रीबुवा बोलत असताना तरी तोंड मिटून बसतात. इंजिनाच्या बाबतीत त्यांना गप्प बसवणारा अजून जन्माला यायचाय.

त्यामुळे माझ्या वहिनीचा, अर्डिसचा, गवत कापायचा ट्रॅक्टर बंद पडायला लागला तेव्हा गावातल्या रिकामटेकड्यांची चंगळ झाली.

ट्रॅक्टर म्हणजे शेतातला नव्हे, बागेतला. लाल, बुटका, पोटाखाली पाती बसवलेला. माझा भाऊ व्हर्लिन त्याला जेवढा पुसायचा तेवढी स्वतःची गाडीही कधी पुसली नाही. व्हर्लिन गेल्या पानगळीत गेला, अंगणातली पानं गोळा करता करता. मागे राहिली अर्डिस, घराभोवतीचं एवढं थोरलं गवत आणि हा ट्रॅक्टर. मी लॅव्हॉन, अर्डिसची नणंद. रस्त्यापलीकडे राहते. नणंद म्हटल्यावर तुमच्या मनात जे आलं ते बरोबरच आहे, आमचं उभ्या जन्मात फारसं पटलं नाही. पण माझ्या वहिनीला नावं मी ठेवीन. गावाने ठेवायची नाहीत.

आणि गवत वाढलं की आमचं गाव नावं ठेवतं. तोंडावर कुणी बोलत नाही हं. आम्ही फार सभ्य माणसं. गवत घोट्याच्या वर गेलं की आधी गवताकडे बघतो, मग खिडकीच्या पडद्याकडे, आणि घरी जाऊन फोन फिरवतो.

जूनमध्ये सुरू झालं. ट्रॅक्टर चालू व्हायचा अगदी व्यवस्थित. अर्डिस ब्रेकवर पाय ठेवून बसायची, किल्ली फिरवायची, इंजिन धडधडायला लागायचं. मग ती ब्रेक सोडायची, की फुस्स. पुन्हा चालू, पुन्हा ब्रेक सोडला, पुन्हा फुस्स. कधी दहा पावलं जायचा, गवतातला उंचवटा आला की मेला. मी खिडकीतून बघायची आणि मला वाटायचं, ही बया पाय नीट उचलत नसणार. हो, मलाही तेच वाटलं. खोटं कशाला बोलू.

पहिला धावून आला तो गेलन. अर्डिसच्या कुंपणाला लागून राहतो. धान्याच्या कोठारावर जन्म काढला, आता निवृत्त आहे, चर्चच्या इमारत समितीचा अध्यक्ष आहे आणि कुणी न विचारता सल्ला देणं हा त्याचा पूर्णवेळ धंदा आहे. हा तोच गेलन, ज्याने स्वतःच्या ट्रॅक्टरच्या सीटखालची तार कापून दोन टोकं एकमेकांना पिळून टाकली, का, तर म्हणे उतरल्यावर दरवेळी इंजिन बंद पडतं त्याचा कंटाळा येतो. गेल्या उन्हाळ्यात तो फांदी उचलायला उतरला आणि ट्रॅक्टर त्याच्यावाचून पुढे गेला, पाती गरगरत, थेट पाद्रीबुवांच्या हायड्रेंजियाच्या फुलझाडांत. फुलांचा भुगा झाला. पाद्रीबुवा त्यावेळी तिथे वाकलेले नव्हते, ही देवाची कृपा. असा हा मास्तर.

"अर्डिस," तो पँट वर ओढत म्हणाला, "इंजिन चालू करण्याचं एक शास्त्र असतं."

"हो का?" अर्डिस म्हणाली.

"बघ. आधी पाय ब्रेकवर, पूर्ण दाबून. गिअर न्यूट्रलला. पात्यांचं बटण बंद. चोक ओढायचा. रेस अर्ध्यावर. आता किल्ली. पकडलं? पकडलं की चोक आत. समजतंय ना? घाई नाही करायची."

अर्डिस बिचारी मान डोलवत होती. व्हर्लिनबरोबर हाच ट्रॅक्टर तिने किती वर्षं हाकला, आणि हा तिला चोक दाखवतोय. मी पायरीवर बसून मटारच्या शेंगा सोलत होते, माझ्या हातातली शेंग चिरडली.

गेलन बसला. भली मोठी फेरी मारली. ट्रॅक्टर काही केल्या बंद पडला नाही. परत आला, आणि रेस पूर्ण वर असतानाच खाडकन किल्ली फिरवली. इंजिनाने असा बार उडवला की कुंपणावरचे कावळे उडाले आणि शास्त्री महाशय सीटवरून वीतभर.

"रेस खाली आणून थोडं शांत होऊ द्यायचं असतं," अर्डिस हळूच म्हणाली. "मग किल्ली. नाहीतर असा आवाज येतो."

"तो जुन्या पेट्रोलचा आवाज आहे," गेलन म्हणाला. आणि किल्ली तशीच ट्रॅक्टरला ठेवून खाली उतरला. अर्डिसने ती काढली आणि गॅरेजमधल्या खिळ्याला लावली. व्हर्लिनची शिस्त. इंजिन थांबलं की किल्ली खिळ्यावर, मग बाकीचं जग.

"कॉफी घेतोस? लिंबाच्या वड्या केल्यात," अर्डिस म्हणाली.

"नको, नको. आत्ताच घेतली."

"थोडीशी."

"छे, तुला कशाला त्रास."

"त्रास कसला, तयारच आहे. ये ना."

"बरं," गेलन म्हणाला, "एवढा आग्रहच करतेस तर." आणि चार वड्या हाणल्या.

आमच्यात असंच असतं. पहिल्या दोन वेळा हो म्हणणारा माणूस हावरा. तिसऱ्यांदा कुणी म्हटलं की मगच हात पुढे करायचा, तोही 'एवढा आग्रहच करतेस तर' म्हणून. आमच्या आज्या नॉर्वेहून येताना दुसरं काही आणू शकल्या नाहीत, हे मात्र घेऊन आल्या. अर्डिसने वडीला हात लावला नाही. मी म्हटलं नवऱ्याची आठवण येत असेल, त्याला लिंबाच्या आवडायच्या.

जाताना गेलनने मिशी पुसली आणि म्हणाला, "रविवारी जेवायला ये आमच्याकडे."

"नको रे, तुम्हाला कशाला त्रास."

"बरं, बघ मग," म्हणाला आणि चालता झाला.

मग माइलोला बोलावलं. माइलो इंजिनं दुरुस्त करतो. चांगला माणूस आहे, पण दाराबाहेर निघताना त्याला तिरकं व्हावं लागतं. तो ट्रॅक्टरवर बसला तर सीट किंचाळली. त्याने दोन फेऱ्या मारल्या, उंचवट्यांवरून मुद्दाम नेला, प्लग काढून बघितला, फिल्टर झटकला.

"अर्डिसबाई, याला काही झालेलं नाही. माझ्याखाली लोण्यासारखा चालतो."

"माझ्याखाली नाही चालत," अर्डिस म्हणाली.

माइलोने माझ्याकडे बघितलं. तसं बघू नये. म्हातारीकडे न बघता दुसऱ्या बाईकडे बघायचं म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. अर्डिसलाही कळलं. तिने व्हर्लिनच्या जुन्या चौकड्याच्या शर्टाच्या बाह्या हातावर ओढून घेतल्या. तो गेल्यापासून ती त्याचेच शर्ट घालायची. सगळं गाव म्हणायचं, दुःख आहे, घालू दे.

झालं. दुसऱ्या दिवशी कॅफेत निकाल लागला. ट्रॅक्टर ठीक आहे, म्हणजे अर्डिस ठीक नाही. ब्रेक कधी सोडायचा ते तिला आठवत नाही. डोकं गेलं बिचारीचं. कुणाला तरी आठवलं की ती चर्चमध्ये पुस्तकाचं पान चुकली होती. कुणाला आठवलं की तिने बाजारात ओळख दिली नाही. अरे, तुझी ओळख द्यावी असं तुझ्यात आहे काय? पण नाही. या दीडशहाण्यांनी कॉफीच्या तीन कपांत एका बाईचा मेंदू काढून टेबलावर ठेवला, आणि गेलनने घरी जाऊन तिच्या मुलाला फोन केला.

केंडल मिनियापोलिसला असतो. बायको, कामं, धावपळ. मुलगा वाईट नाही, फक्त घाईत असतो, जन्मलाही घाईतच. त्याने शहराबाहेर एक जागा बघूनच ठेवली होती. म्हाताऱ्या माणसांसाठी, तीन वेळचं जेवण, घंटा वाजवली की नर्स. त्याने आईला फोन करून सांगितलं: सप्टेंबरच्या सुट्टीला येतो. माझ्यासमोर ट्रॅक्टर चालू करून दाखव, एक फेरी मार, नीट बंद करून दाखव. दाखवलंस तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर ट्रॅक्टर विकू, घर विकू, आणि तू तिकडे चल.

अर्डिस मला हे सांगताना कपबशी विसळत होती. एकच कप होता. ती तो विसळतच राहिली.

"घंटा वाजवायची म्हणे," ती म्हणाली. "लॅव्हॉन, मी कुणासाठी घंटा नाही वाजवणार. मला इथून जायचं नाही. व्हर्लिन त्या अंगणात गेला. मी पण तिथेच जाईन."

"मग तो ट्रॅक्टर नीट चालव ना बाई!" मी म्हटलं. मला असंच बोलता येतं.

सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात माझ्या मळ्यात भोपळ्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता. ऑगस्टअखेर आमच्याकडे भोपळे फुकट घ्यायला कुणी तयार नसतं, लोक गाडीला कुलूप लावून फिरतात, नाहीतर कुणीतरी मागच्या सीटवर भोपळे टाकून पळतं. मी एक टोपली भरली आणि अर्डिसकडे निघाले. ती ट्रॅक्टरवर बसली होती, इंजिन चालू, ब्रेकवर पाय, तोंड रडवेलं. सराव चालला होता.

"हे घे. मागच्या खोपटात नेऊन टाक," म्हणत मी टोपली तिच्या मांडीवर आदळली.

तिने सवयीने ब्रेक सोडला. ट्रॅक्टर निघाला. गेला, गवतातून, उंचवट्यावरून, खोपटापर्यंत, आणि माझा आ वासलेला. ती थांबली, ब्रेक लावला, टोपली खाली ठेवली, परत सीटवर बसली. ब्रेक सोडला. फुस्स.

टोपली होती तेव्हा चालला, टोपली उतरली की फुस्स.

सीटखाली बटण असतं. माणूस बसला की वजनाने ते दाबलं जातं. ब्रेक लावलेला नसताना माणूस उठला, पडला, की बटण सुटतं आणि इंजिन बंद होतं, म्हणजे पाती कुणाच्या पायावरून जात नाहीत. हे माइलोला माहीत, गेलनला माहीत, त्याने तर तारच पिळली होती. पण जो तो आपलं भलं मोठं ढुंगण त्या सीटवर ठेवायचा आणि म्हणायचा, काही झालेलं नाही. ट्रॅक्टर बिचारा सगळ्या उन्हाळाभर ओरडून सांगत होता की सीटवर कुणी बसलेलंच नाही. आणि आम्ही म्हणत होतो, अर्डिसचं डोकं गेलं.

मी जाऊन तिची बाही वर सारली. हात नव्हताच तो. काठी होती, वर कातडं.

"अर्डिस! काय खातेस तू?"

"खाते की."

"आज काय खाल्लंस?"

"कॉफी घेतली."

"काल?"

ती बाही पुन्हा खाली ओढायला लागली. मला असा राग आला. तिचा आला, गावाचा आला, माझाही आला. डॉक्टरकडे गेली होती म्हणे वसंतात, सगळं तपासलं, काही नाही, जेवत जा म्हणाला. जेवत जा! एका माणसासाठी बटाटा सोलायला घेतला की हात थांबतो, असं ती म्हणाली. व्हर्लिनची खुर्ची समोर दिसते.

"मग कुणाकडे जायचंस जेवायला! लोक बोलावत होते ना?"

"बोलावतात की," अर्डिस म्हणाली. "सुरुवातीला फार आग्रह करायचे. आता एकदा विचारतात."

मला रविवार आठवले. चर्चच्या पायऱ्यांवर, गाडीची किल्ली हातात घेऊन मी विचारायची, "येतेस का जेवायला?" ती म्हणायची, "नको." आणि मी निघायची. एकदा विचारलं की सुटलो. ती आपली जुन्या वळणाची, दुसऱ्या-तिसऱ्या बोलावण्याची वाट बघत पायरीवर उभी.

त्या दिवसापासून मी विचारणंच बंद केलं. ताट नेऊन समोर आपटायचं आणि खाईपर्यंत उभं राहायचं. भीतीने चार घास खायची. पण आठवड्याभरात अंगावर मांस चढत नाही. सुट्टी तोंडावर आली आणि सीट अजून अर्डिसला ओळखत नव्हती.

"केंडलला सांगून टाकू," मी म्हटलं. "डोकं ठिकाणावर आहे, फक्त वजन कमी आहे."

"तो त्याच दिवशी उचलून नेईल मला. तीन वेळचं जेवण आहे ना तिकडे."

हे काही खोटं नव्हतं.

"मग गेलनसारखी तार पिळू."

अर्डिसने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चर्चमध्ये थुंकले. "तुमच्याच चुलतभावाचा पाय त्या पिळलेल्या तारेपायी गेला. या ट्रॅक्टरच्या तारेला कुणी हात लावायचा नाही." आणि मला बाहेर काढलं. माझ्या भावाच्या घरातून मला!

सुट्टीच्या दिवशी असं ऊन होतं की पान हलत नव्हतं. केंडल आला. जेवणासाठी शहरातून प्लास्टिकच्या डब्यात कसलं तरी गार सॅलड घेऊन आला, पक्ष्यांना घालायच्या दाण्यांचं. मी बटाट्याचं हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाटा एकत्र भाजलेलं आमच्याकडचं जेवण, करून आणलं होतं, ते ओव्हनमध्ये ठेवलं. गेलन बिनबोलावता हजर, आणि येताना घडीची खुर्ची घेऊन. तमाशाला यावं तसा.

"मी बाहेर काढून देतो, आई," केंडल म्हणाला, आणि गॅरेजचं दार बंद असतानाच आत ट्रॅक्टर चालू केला.

"आधी दार!" घरातून अर्डिस ओरडली. "दार उघड! धुराने मरशील!"

दार उघडलं. केंडल खोकत बाहेर आला, ट्रॅक्टर अंगणात उभा केला आणि ब्रेक न लावताच टुणकन उतरला. इंजिन बंद पडलं.

"बघ, माझ्या हातूनही बंद पडतोय," तो म्हणाला.

"ब्रेक न लावता उठलास की पडणारच," अर्डिस दारातून म्हणाली. "ती सीट असतेच त्यासाठी."

दोन्ही शहाण्यांनी मान डोलवली. अरे, उत्तर तुमच्या कानात ओतलं तिने, आणि तुम्ही मान डोलवताय! एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

मग अर्डिस बाहेर आली, आणि मी कपाळाला हात लावला. त्या उन्हात तिने व्हर्लिनचा हिवाळी कोट घातला होता, जाड कॅनव्हासचा, आतून घोंगडी लावलेला, हा एवढा खिशांचा. ती सावकाश, पाय ओढत चालत होती. प्रत्येक पावलाला खिशात खण्ण व्हायचं.

मी गॅरेजमध्ये भिंतीकडे बघितलं. व्हर्लिन नाल फेकायच्या खेळात पटाईत होता. जत्रेतली बक्षिसं आहेत त्याची. त्याचे लोखंडी नाल त्या भिंतीवर टांगलेले असायचे. भिंत रिकामी होती.

"थंडी वाजते का गं?" गेलनने विचारलं.

"वारा आहे," अर्डिस म्हणाली.

मी तिच्याजवळ गेले, दातओठ खात पुटपुटले, "तार पिळायची नाही म्हणालीस, आणि हे काय?"

"मी पडले तर कोटही माझ्याबरोबर पडेल," ती तशीच पुटपुटली. "इंजिन बंद होईल. यात धोका काहीच नाही."

बरोबर होतं. त्या गावात त्या दिवशी डोकं ठिकाणावर असलेलं एकच माणूस होतं आणि ते परीक्षेला बसलं होतं.

तिने आधी ट्रॅक्टरभोवती चक्कर मारली. वाटेतली एक काटकी उचलून बाजूला टाकली. तेलाची कांडी काढून बघितली, पुसली, परत घातली. गेलनला खुर्ची मागे घ्यायला लावली, पात्यांनी दगड उडतो म्हणून. मग चढली. चढताना दोनदा हात सटकला. बसली. ब्रेक पूर्ण दाबला. न्यूट्रल बघितलं, पात्यांचं बटण बघितलं, चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिनाने पकडलं. चोक आत. ती थांबली, त्याला गरम होऊ दिलं, एखाद्याला जरा झोपेतून उठू द्यावं तसं. केंडल घड्याळ बघत होता.

तिने ब्रेक सोडला.

मी डोळे मिटले. नाही बंद पडला. नाही पडला! लाल ट्रॅक्टर गवतातून निघाला, पाती लागली, मागे हिरवा पट्टा पडत गेला, आणि ती त्या उंचवट्यांवरून गेली, सरळ, व्हर्लिन न्यायचा तशी. घाम तिच्या हनुवटीवरून कोटावर ठिबकत होता. सगळी फेरी पुरी करून ती आमच्यासमोर आली. पाती बंद केली. ब्रेक लावला. रेस खाली आणली, इंजिनाला शांत होऊ दिलं, मग किल्ली. बार नाही, काही नाही. पाती फिरायची थांबेपर्यंत ती सीटवर बसून राहिली. मग किल्ली काढून मुठीत धरली.

"मानलं, आई," केंडल म्हणाला, आणि खरंच खूष झाला होता पोरगा. "मानलं. गेलनकाका, काय सांगत होतात तुम्ही?"

"मीच शिकवलंय तिला," गेलन म्हणाला. याला म्हणतात निर्लज्जपणा.

अर्डिस उतरली. उतरताना वाकली ती वाकलीच, कोटाने तिला खाली ओढलं. केंडल पुढे धावला. "अगं, किती घाम आलाय! चक्कर येईल. काढ तो कोट."

"राहू दे."

"काढ गं," म्हणत त्याने मागून कोट खांद्यांवरून उतरवला.

कोट त्याच्या हातात आला आणि त्याचा हात खाली गेला. खिसा उलटला. नाल एकापाठोपाठ एक सिमेंटवर पडले, खण्ण, खण्ण. आणि अर्डिस तिथे उभी होती, बिनबाह्यांच्या झग्यात, भर उन्हात. झगा तिच्या अंगावर नव्हता, खुंटीवर होता म्हणा.

गेलनने तोंड उघडलं. "नाल म्हणजे नशीब आणतात म्हणे..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. सगळ्या वजनानिशी.

केंडल नालांकडे बघत होता. मग सीटकडे. मग आईच्या हातांकडे. मी म्हटलं, "तू बसलास की चालतो. गेलन बसला की चालतो. ती बसली की बंद. आता तरी कळलं का रे, कशाने?"

त्याला कळलं. तो शहर, नर्स, घंटा असलं काही बोलेल म्हणून अर्डिस मान ताठ करून उभी होती. किल्लीची मूठ छातीशी आवळलेली.

"आई," तो म्हणाला, "जेवायला चल."

"खाल्लंय मी, राजा. तू जेव."

"थोडंसं. माझ्याबरोबर."

"नको रे. मघाशीच..."

आता हा थांबणार, मला वाटलं. शहरात राहून विसरलाय तो. घाईचा माणूस. सांगायला माझी जीभ नुसती वळवळत होती, पण हे दुसऱ्याने सांगून चालत नाही.

केंडलने कोट खाली ठेवला. आईच्या समोर आला, अगदी लहान असताना यायचा तसा.

"चल ना गं," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस समोर."

अर्डिसने मान वळवून गॅरेजच्या खिळ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बरं," ती म्हणाली. "एवढा आग्रहच करतोस तर."

तिने जाऊन किल्ली खिळ्याला अडकवली. केंडलने ती काढून घेतली नाही, आणि घर विकायचा विषयही काढला नाही. मी ओव्हनमधून हॉटडिश काढलं, आणि अर्डिसने स्वतःच्या हाताने दोनदा वाढून घेतलं.